भोपळ्यात कोण बसलंय?

१ जानेवारी २०२२ रोजी एक अस्वल मोकळं सुटलं. वनखात्याला कळवायची गरज नव्हती, कारण ते पुस्तकातलं होतं. ए. ए. मिल्न यांच्या १९२६ सालच्या पुस्तकातला विनी-द-पूह, मधाचा लोभी आणि डोक्याने जरा मंद असा तो मऊ गडी, त्या दिवशी अमेरिकेतल्या कॉपीराइटच्या दावणीतून सुटला. आता त्याचं कुणी काहीही करावं. ऱ्हिस फ्रेक-वॉटरफील्ड नावाच्या एका इंग्रज तरुणाने एका दांडग्या माणसाच्या तोंडावर अस्वलाचा रबरी मुखवटा चढवला, त्याच्या हातात हत्यार दिलं आणि त्याला पोरींच्या मागे सोडून दिलं. तेही अ‍ॅशडाउनच्या जंगलात, म्हणजे मिल्नना जिथे ही गोष्ट सुचली तिथेच. शूटिंग दहा दिवसांत उरकलं. खर्च एक लाख डॉलरच्या आत, गल्ला पन्नास लाखांच्या वर. वर्षातल्या सगळ्यात टुकार सिनेमाला देतात ती गोल्डन रॅस्पबेरीची बक्षिसं पाच मिळाली. ती त्याने मुकाट्याने घेतली आणि दुसरा भाग काढला.

दुसऱ्या भागात वाघ आला. पहिल्यात नव्हता, कारण टिगर हा वाघ १९२८ च्या पुस्तकात पहिल्यांदा येतो, आणि त्याचा पिंजरा उघडायला १ जानेवारी २०२४ उजाडावं लागलं. त्याच दिवशी मिकी माउसचा सगळ्यात जुना अवतारही सुटला, आणि त्याच्या हातात लगेच सुरा आला. मग सिंड्रेला बिघडली, पीटर पॅन बिघडला, आणि शेवटी बॅम्बी! हरणाचं पाडस! तेसुद्धा माणसं मारत सुटलं.

शिरूर तालुक्यात कांदा करणाऱ्या माणसाला हे सगळं माहीत असायचं काही कारण नाही. माहिती देणारा माझा भाचा. ताई दौंड तालुक्यात केडगावच्या बाजूला दिलेली, घरचं गुऱ्हाळ आहे. पोरगा पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो असा दोन्ही घरांचा समज आहे. सुट्टी लागली की मामाच्या गावाला येतो आणि लॅपटॉपवर असले सिनेमे बघतो. ते कुठून आणतो हे मी विचारत नाही. आमच्या वेळी रामसेंचा भूत-सिनेमा व्हिडिओ पार्लरमध्ये मागच्या दाराने बघायचा असे, पुढे बाजारात मोबाइलच्या दुकानात कार्डात भरून मिळे. या जातीच्या सिनेमाला पुढच्या दाराने यायची सवयच नाही.

पूहचा सिनेमा बघताना माझी आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. सुरुवातीलाच चित्रांतून सांगितलंय की पोरगा कॉलेजला निघून गेला, मग या जनावरांना खायला घालणारं कुणी उरलं नाही, उपाशी राहून त्यांनी आपल्यातल्याच गाढवाला खाल्लं आणि माणसांवर दात धरला. आईने तेवढं ऐकलं. "पाळलेलं जनावर दावणीला उपाशी ठेवून शिकायला गेला होय? मग दुसरं काय हुनार?" एवढं बोलून तिने भाच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याला आपल्या घरच्या म्हशी आठवल्या असाव्यात. मग रक्त उडायला लागलं, तशी ती उठली. भ्यायली म्हणून नव्हे. "समदंच दाखवत्यात," म्हणाली आणि टरफलं टाकायला गेली.

नंतर भाच्याने मला या धंद्याचं गणित समजावलं. कांद्याच्या गणितापेक्षा ते बरं बसलं, हे मान्य केलं पाहिजे. गोष्ट फुकट, कारण कॉपीराइट संपलेला. जाहिरात निम्म्याहून फुकट, कारण नाव पोराटोरांनाही पाठ. नट स्वस्त, कारण मुखवट्याच्या आत कोण आहे हे कुणी विचारत नाही. अंधार तर फुकटच, शिवाय त्यात नसलेलं नेपथ्य झाकलं जातं. उरलेला खर्च बघणारा स्वतः करतो. अंधारात काय असेल याची भर तो आपल्या पदरची घालतो.

हे गणित आपल्याकडे रामसे बंधूंनी फार आधी सोडवलं होतं. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा चढवून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगासाठी लोक पुन्हा थिएटरात येतात, हे भावांच्या लक्षात आलं. त्यातून त्यांनी नेमका धडा घेतला: नट जाऊ द्या, मुखवटा ठेवा. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरात साडेतीन लाखांच्या आसपास उरकला. सात भाऊ, त्यामुळे कॅमेरा घरचा, आवाज घरचा, दिग्दर्शन घरचं, जेवणही घरच्याच बायकांच्या हातचं. मालेगावच्या शेख नासिर यांनी तर २००० साली 'मालेगाव के शोले' पन्नासेक हजारांत केला, आणि क्रेन म्हणून बैलगाडी वापरली. गाडीच्या एका टोकाला कॅमेरावाला बसवायचा आणि दुसरं टोक खाली दाबायचं. मला हा माणूस फार आवडतो. आमच्या तालुक्यात एवढ्या बैलगाड्या पडून आहेत, पण त्यांच्याकडे बघून हे कुणाला सुचलं नाही.

या सगळ्यात भाच्याचं एक वाक्य मात्र मला खटकलं. "मामा, ही लोकं गोड गोष्टी घेतात आणि भयानक करतात."

गोड? फ्रान्समध्ये १६९७ साली शार्ल पेरोने लाल टोपीवालीची गोष्ट छापली, तिच्यात लांडगा आजीला खातो, मग नातीला खातो आणि गोष्ट संपते. पोट फाडून दोघींना बाहेर काढणारा शिकारी पुढे ग्रिम बंधूंच्या पुस्तकात येतो. त्याच ग्रिमांच्या सिंड्रेलात बूट बसावा म्हणून एक सावत्र बहीण अंगठा कापून घेते आणि दुसरी टाच. वर कबुतरं येऊन दोघींचे डोळे फोडतात. हिमगौरीच्या लग्नात त्या दुष्ट राणीला तापवून लाल केलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचायला लावलंय. आपल्याला रंगीत चित्रांच्या पुस्तकात भेटते ती हिमगौरी न्हाऊन-माखून, तीट लावून आलेली. हे दहा दिवसांत सिनेमा काढणारे लोक तिला भयानक बिलकूल करत नाहीत. ते तिची पावडर पुसतात, एवढंच. आणि पुसतानाही हात फार जड.

आपल्याकडचंही तेच. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घ्या. एक वाळकी म्हातारी जंगलातून लेकीकडे निघते. वाटेत एकेक जनावर भेटतं आणि खाईन म्हणतं. म्हातारी ओरडत नाही, पळत नाही. ती मुदत मागते. आत्ता माझ्यात काही नाही, लेकीकडे खाऊनपिऊन भरून येते, मग खा. आणि लांडगा-वाघ ते मान्य करतात! पतसंस्थेच्या वसुलीवाल्याशी मुरलेला कर्जदार बोलतो तशी ही बोलणी आहेत. परतताना तर तिने कमाल केलीय. जंगलातून एक भोपळा आपल्याआप गडगडत येतोय आणि आतून बाईमाणसाचा आवाज येतोय. मध्यरात्री न्हावरे-चौफुला रस्त्यावर तुम्ही मोटारसायकलवर एकटे आहात आणि समोरून असा भोपळा आला, तर वाघाचं सोडा, तुम्ही काय कराल? गाडी चारीत घालाल. आणि गंमत बघा, तिकडे नात जंगलातून आजीकडे जाते आणि आजीसकट गिळली जाते. इकडे आजीच जंगलातून लेकीकडे जाते आणि जनावरांना दोन्ही वेळा उपाशी ठेवून घरी येते. आपल्या म्हाताऱ्या पहिल्यापासून तयारीच्या.

चिऊ-काऊची गोष्ट तर मला भोपळ्याहून भयंकर वाटते. बाहेर धो धो पाऊस, घर वाहून गेलेला कावळा दार वाजवतोय. आतून शांत आवाज येतो, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, अंग पुसते. थांब, काजळ घालते. दार वाजतंय, कडी निघत नाही. एवढ्या भांडवलावर परदेशात दीड तासाचा सिनेमा काढतात. फक्त यात कुणी कुणाला घाबरायचं हे नक्की नाही. लहानपणी मी चिमणीच्या बाजूने होतो. घर बांधायला काढलं आणि सिमेंटचे भाव कळले, तेव्हापासून माझा ओढा कावळ्याकडे आहे. आईच्या आवृत्तीत चिमणी शेवटी दार उघडते. म्हणते, लई गारठलास, चुलीपाशी ये, बस ह्या तव्यावर. तवा तापलेला असतो. ही गोष्ट आम्हाला भात भरवताना सांगितली जाई, आणि आम्ही घास गिळत असू.

आईची खुबी अशी की ती गोष्ट कधी एकसारखी सांगत नसे. पोर फार भ्यालं असं दिसलं की कावळा उडून जाई. पोर आगाऊ असलं की तवा जास्त तापे. रात्री लाईट गेलेली असली की चिमणीचा आवाज आणखी शांत होई. कंदिलाच्या उजेडात आमची तोंडं तिला दिसत, त्यावर तिचं संपादन चाले. पूह काढणाऱ्याला बघणाऱ्याचं तोंड दिसत नाही. म्हणून मग तो रक्त वाढवत जातो, बिचारा.

मोठ्या माणसांनीही पोरांच्या गोष्टी आणि भीती हे दोन्ही धंदे एकाच दुकानात केलेत. रत्नाकर मतकरी मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' लिहीत आणि मोठ्यांसाठी गूढकथा लिहून त्यांची झोप उडवत. लोक म्हणतात दोन वेगळे पैलू. मला तो एकच वाटतो, फक्त ऐकणाऱ्याचं वय बदललेलं. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण झालेले दिलीप प्रभावळकर १९९३ साली महेश कोठाऱ्यांच्या 'झपाटलेला'त तात्या विंचू झाले. एका माणसाने महाराष्ट्रातल्या पोरांना दोनदा, दोन वेगवेगळ्या आवाजांत घाबरवावं, हा पराक्रमच. तात्या विंचूची कल्पना अमेरिकेच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून आलेली, पण रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला असा काही आपला झाला की शिरूरच्या थिएटरात पोरं खुर्चीखाली शिरली होती आणि तिथूनच हसतही होती. लाकडी पोराला खरं माणूस व्हायचंय, ही पिनोकिओची गोष्ट. पोरगा सज्जन असायच्या जागी गुंड असता तर, एवढाच फरक. तिकडच्या स्वस्त सिनेमावाल्यांना पिनोकिओ रक्तात बुडवायची बुद्धी आत्ता होतेय. आम्ही तो टप्पा लक्ष्मीकांत बेर्डेंच्या सोबतीने तीस वर्षांपूर्वी ओलांडला.

एवढं सगळं मी भाच्याला सांगितलं, त्याचा परिणाम उलटा झाला. "मामा, मग आपणच काढू. भोपळ्यातली म्हातारी. हॉरर."

त्याने जागा शोधायला सुरुवात केली आणि मला आमचे दोन तालुके पहिल्यांदाच परक्याच्या डोळ्यांनी दिसले. टाकळी हाजीजवळ कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पलीकडचा काठ पारनेर तालुक्यातल्या निघोजचा. दगडगोटे गरागरा फिरवून नदीने काळ्या खडकात रांजणच्या रांजण कोरून ठेवलेत. चेटकिणीला संसार मांडायचा तर भांडी घ्यायला लागणार नाहीत. दौंडच्या माळरानांवर तर खुद्द लांडगा आहे. गोष्टीतला नव्हे, खरा. चणीने लहान, मातकट, गवतात उभा राहिला तर दिसणार नाही असा. दौंडच्या हद्दीला लागून सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. लांडगा अर्थातच तेवढ्यावर समाधान मानत नाही. तिथे भेटलेल्या एका मेंढपाळाला भाच्याने लाल टोपीवालीची गोष्ट सांगितली. नातीचा आवाज काढून लांडगा आजीचं दार वाजवतो, इथवर आल्यावर त्या माणसाने चंची उघडली. "लांडगं दार वाजवीत न्हाय, मालक," तो म्हणाला, आणि तंबाखू मळायला लागला. सव्वातीनशे वर्षांच्या युरोपीय वाङ्मयाचा इतका छोटा अभिप्राय मी दुसरा ऐकला नाही.

खरी जागा मात्र ताईच्या घरीच निघाली. हॅन्सेल आणि ग्रेटेल आठवतात? दुष्काळात आईबापांनी जंगलात सोडलेली दोन पोरं. त्यांना एक घर दिसतं, गोडधोडाचं बांधलेलं, आणि आत म्हातारी भट्टी पेटवून बसलेली. मी लहानपणी हे वाचलं तेव्हा मला त्यात नवल वाटलं नव्हतं. असलं घर केडगावच्या आसपास पाहिजे तेवढं. रात्रीचं गुऱ्हाळ तुम्ही पाहिलंय का? लांबूनच वास येतो आणि पाय तिकडे वळतात. चुलवणात चिपाडं कोंबणारा माणूस ज्वाळेत अर्धा लाल, अर्धा काळा. काहिलीत रस रटरटतोय, त्यात भेंडीचा रस पडला की मळी वर येते, ती काढून टाकायची, मग रंग चढत जातो. गुळव्या उलथणं मारून धार बघतो. एका क्षणी तो हात वर करतो आणि सगळे एकदम धावतात, काहील उपसून वाफ्यात ओततात. तो क्षण चुकला की गूळ गेला. काहिलीजवळ पोरांनी फिरकायचं नाही हा तिथला पहिला कायदा, आणि वाफ्यातला कोमट गूळ बोटाने चाटण्यासाठी पोरांनी काहिलीजवळच घुटमळायचं हा दुसरा. ग्रिम बंधूंना दौंडला उतरवून घ्यायला पाहिजे होतं. इंजिनाची दिशा बदलेपर्यंत मनमाडकडची गाडी इथे थांबायचीच. तेवढ्या वेळात त्यांनी आणखी एक भाग लिहिला असता.

आपल्या भागात असलं काही चित्रपटाच्या लायकीचं आहे हे आम्हाला बाहेरच्यांकडून कळायची वेळ आली, असंही नाही. 'तुंबाड'मधला तो कुजका, भिजका वाडा सासवडचा. दौंडहून शेजारच्या तालुक्यातला. तो चित्रपट काही स्वस्तातला नव्हे, पण त्याचं बी पार फुकटचं. राही अनिल बर्वे यांना नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने नारायण धारपांची गोष्ट सांगितली, ती त्यांच्या डोक्यातून गेली नाही. २०१८ साली पडद्यावर आलेल्या भीतीची सुरुवात म्हणजे जंगलातल्या अंधारात तोंडी सांगितलेली गोष्ट. आणि विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' तर उसाच्या फडातच घडतो. २०१७ सालचा सिनेमा, पूजा सावंत आणि उषा नाईक, एक गरोदर बाई, आणि आत शिरलं की वाट न सापडणारा ऊस. विषय मुली मारण्याचा. पुढे त्यांनीच त्याचा हिंदीत 'छोरी' केला. 'लपाछपी' मी पाहिला आणि नंतर बरेच दिवस स्वतःच्या फडाला पाणी द्यायला जाताना मोठ्याने अभंग म्हणत गेलो. माळकरी असल्याचा गैरसमज पसरला, तो मी दूर केलेला नाही.

तर शूटिंग. पहिला प्रश्न भोपळ्याचा. माणूस मावेल एवढा भोपळा कुणी पिकवत नाही. भाच्याने पाण्याची प्लास्टिकची जुनी टाकी आणली, झाकण कापलं आणि तिला भडक नारिंगी रंग दिला. आईने चष्मा वर करून बघितलं. "भोपळा असा असतोय व्हय? हिरवा असतो, लई झालं तर मातकट. नारिंगी आतनं." भाचा म्हणाला, आजी, सगळ्या जगात भोपळा नारिंगीच दाखवतात. आई म्हणाली, त्यांच्यात भाजी करत नसतील. टाकीत त्याचा मित्र लुगडं नेसून बसला. उतारावरून टाकी सुटली ती कॅमेऱ्यासमोर थांबायची ठरलेली असताना शेजाऱ्याच्या कांद्याच्या रोपात जाऊन थांबली. भोपळ्याआधी रोपाची भरपाई द्यावी लागली.

दुसरा प्रश्न रक्ताचा. तिकडे मक्याच्या पाकात खाण्याचा रंग घालतात. हिचकॉकने 'सायको'त चॉकलेटचा पाक वापरला, काळ्या-पांढऱ्या चित्रात तो खपला. दौंड तालुक्यात पाक शोधत फिरायला लागत नाही. ताईच्या गुऱ्हाळातली काकवी आली, तिच्यात लाल रंग पडला, आणि जे तयार झालं ते बघून गुळव्यासुद्धा मागे सरकला. उत्तर प्रदेशातला माणूस, इथे हंगामाला येतो. त्याने चव घेऊन बघितली आणि सांगितलं की रक्त उत्तम आहे, फक्त एक कढ कमी. पुढचं त्याने सांगितलं नाही, ते आम्हाला मुंग्यांनी सांगितलं. मेलेला नायक बांधावर पडल्या पडल्या कुजबुजायला लागला, मग उठून बसला, मग पळाला. भाच्याने तो प्रसंग तसाच ठेवला. प्रेत उठून पळतं, ही कल्पना आधीपासूनच होती असं तो आता सांगतो.

तिसरा प्रश्न गावाचा. रिकामं रान कुठेच नाही. कॅमेरा लावला की बांधावर माणसं उगवतात आणि सूचना सुरू होतात. चेटकीण येते, तिच्या नखांतून काहीतरी ठिबकतंय, आणि मागून आवाज येतो, "आरं, हे तर सोसायटीच्या सेक्रेटरीचं पोरगं!" संध्याकाळी देवळातला हरिपाठ स्पीकरवर सुरू झाला की भुताच्या प्रसंगातही पार्श्वसंगीत पवित्रच येतं. इंग्लंडमधल्या त्या दिग्दर्शकाला एवढं सोसायला लागलं असतं तर त्याने अस्वलाला देवळात नेलं असतं.

रात्रीचं शूटिंग उसात करायचं होतं. तिथे आईने पाय रोवले, आणि या बाबतीत तिच्याशी कुणी हुज्जत घातली नाही.

कारण आमच्याकडे उसात खरोखर कुणीतरी असतं. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या पट्ट्यात बिबट्यांच्या पिढ्या फडातच जन्माला येतात. वर्ष-दीड वर्ष कुणी आत शिरत नाही, पाणी जवळ, गावची कुत्री, डुकरं जवळ. तोड आली की सरीत पिल्लं सापडतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूतच्या बाजूला माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात बांधतात तसला खिळ्यांचा पट्टा स्वतःच्या गळ्यात घालून माणसं शेतात जायला लागली. गळ्याभोवती उलटे खिळे लावून खुरपायला बसलेली बाई ग्रिमांनाही सुचली नसती. शेतीची लाईट बरेचदा रात्रीची असते, मग मोटार चालू करायला तेव्हाच जावं लागतं. तिथे मुदत मागून चालत नाही, भोपळा मिळत नाही.

भाच्याने उसाचा प्रसंग काढून टाकला. उरलेली रात्र त्याने भर दुपारी माळावर चित्रित केली आणि संगणकात निळी केली. नीट बघितलं तर चेटकिणीला सावली आहे, आणि ती उन्हाची आहे.

सिनेमा झाला छोटासाच. गुऱ्हाळाच्या पांढऱ्या भिंतीवर दाखवला. मोठी माणसं योग्य ठिकाणी हसली नाहीत, पोरं चुकीच्या ठिकाणी हसली आणि काकवीचं रक्त दिसलं की सगळेच एकदम म्हणत, गूळ! ताईच्या सासूबाईंनी एवढंच विचारलं की टाकी परत पाण्याला वापरता येईल का. मला विचाराल तर तो पूहच्या सिनेमाहून बरा होता, कारण निदान यात कुणाला कुणाविषयी राग नव्हता. पण भीती वाटली का? नाही. चुलवणावरच्या कामगाराची एक चिमुरडी तेवढी पूर्ण वेळ डोळे झाकून बसली होती, आणि तीसुद्धा, मागाहून कळलं, झोपली होती.

ती जागी झाल्यावर तिला गोष्ट हवी होती. आईने तिला मांडीवर घेतलं आणि तीच म्हातारी, तोच भोपळा सांगायला घेतला. पोरीची मराठी अर्धी, आईची हिंदी त्याहून अर्धी. भोपळा जंगलातून निघाला, लांडग्यापाशी आला, आणि आई थांबली. काहीच बोलली नाही. वाफ्यातला गूळ खरवडणारी माणसं थांबली. भाचा लॅपटॉप मिटता मिटता थांबला. पोरगी तोंड उघडं टाकून आईकडे बघत राहिली. मग आईने अगदी हळू आवाजात भोपळ्याच्या आतून लांडग्याला काहीतरी सांगितलं, ते आम्हाला ऐकूच आलं नाही. पोरगी किंचाळली आणि लगेच म्हणाली, "फिरसे."

भाच्याने त्याच रात्री पुढच्या सिनेमाची घोषणा केली. चिऊ-काऊ. एक खोली, एक दार, एक आवाज. बजेट शून्य. आवाज आजीचा.

"तवा तापलेला दाखवनार का?" आईने विचारलं.

"आजी, शेवटी जवळून दाखवणार. लालभडक. धूर."

"मग मी न्हाय बोलनार. तवा तापलाय हे कावळ्याला ठावं नसतंय. त्याच्या आधी लोकास्नी कसं कळंल?"

"बरं, नाही दाखवत. बसल्यावर दाखवतो."

"बसल्यावर बी न्हाय."

"मग दाखवू काय?"

"दार दाखव," आई म्हणाली. "अन् चिमनी बाळाला पावडर लावती तेवढं. कावळ्याला भायेरच ऱ्हाऊ दे, भिजू दे मेल्याला." थोडा विचार करून तिने पुस्ती जोडली, "आन् तुझ्या आईचं काकवीचं पैसं ऱ्हायल्यात, ते आधी भागव. मग माझं काय द्यायचं ते बोलू."